माउस बाजूला ठेवा: ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरवर झपाट्याने बिलं चढवण्याची घडी कशी बसवावी

एका ठोक औषधविक्रेत्याकडे खरेदीची बिलं चढवणाऱ्या ताईंच्या शेजारी मी स्टूल घेऊन बसलो होतो. काळ्या पडद्याच्या जुन्या बिलिंग प्रोग्रामवर त्यांनी चौदा वर्षं काढलेली. डावा हात बिलांच्या थप्पीवर, उजवा नंबर पॅडवर, डोळे कागदावर. स्क्रीनकडे बघायचं ते फक्त शेवटी, बेरीज लागली का ते पाहायला. त्या सोमवारी मालकांनी ब्राउझरमध्ये चालणारं नवं सॉफ्टवेअर सुरू केलं होतं. बावीस ओळींचं बिल भरून झालं आणि ताईंनी सवयीने एफ५ दाबलं. जुन्या प्रोग्राममध्ये ती 'सेव्ह'ची कळ होती. ब्राउझरने पान नव्याने उघडलं. बावीसच्या बावीस ओळी साफ. ताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि तेच बिल पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं.

त्या आठवड्यात दुकानात एकच वाक्य ऐकू येत होतं: "ऑनलाइनवाल्यात स्पीड येत नाही." स्पीड येतो. पण सॉफ्टवेअर विकणारा माणूस डेमो माउसने देतो आणि निघून जातो. त्यानंतरची घडी ज्याची त्यानेच बसवायची असते. ती बसली की नाही याची माझी खूण सोपी आहे: बिल चढवताना ऑपरेटरचे डोळे कागदावरून किती वेळा उठले?

आधी मोजून घ्या

काहीही बदलण्यापूर्वी मोबाइलवर ऑपरेटरच्या हातांचं दहा मिनिटांचं चित्रीकरण करा. चेहरा नको, हात आणि माउस एवढंच. मग निवांत बसून दोन गोष्टी मोजा: हात माउसकडे किती वेळा गेला आणि दर वेळी कशासाठी गेला. दुसरा आकडा जास्त कामाचा. 'नवीन ओळ' बटण, पार्टीची (म्हणजे पुरवठादाराची किंवा गिऱ्हाइकाची) यादी, तारखेचं कॅलेंडर, 'ओके' म्हणा असं सांगणारी खिडकी. बहुतेक ठिकाणी चार-पाच कारणंच पुन्हापुन्हा येतात आणि तीच तुमची कामाची यादी.

एका फेरीची किंमत किती, याचा हिशोब जुना आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल यांनी १९८० मध्ये मांडलेल्या 'कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल'मध्ये सवयीच्या टायपिस्टला एक कळ दाबायला ०.२ सेकंद, हात कळफलकावरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद आणि बाण नेमक्या जागी न्यायला १.१ सेकंद धरले आहेत. म्हणजे जाणं, नेम धरणं, क्लिक करणं आणि परत येणं मिळून साधारण दोन सेकंद झाले. बारा ओळींच्या बिलात प्रत्येक ओळीला एक फेरी झाली तर २४ सेकंद, आणि दिवसाला अशी सत्तर बिलं असतील तर २८ मिनिटं नुसत्या हाताच्या येरझाऱ्यांत जातात. परत आल्यावर कागदावर 'कुठल्या ओळीवर होतो' हे शोधायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही.

ब्राउझरला कामाला जुंपा

ज्या ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप आणि बातम्या उघड्या आहेत, त्यातच एंट्री मारू नका. क्रोम किंवा एजमध्ये कामासाठी वेगळं प्रोफाइल करा. त्या प्रोफाइलमध्ये एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं जास्तीचं साधन) नको, नोटिफिकेशन बंद, 'हे पान भाषांतर करू का' हा प्रश्न बंद आणि पत्ते वगैरे आपोआप भरण्याची सोय बंद. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. बॅच नंबरच्या खान्यात ब्राउझर मागच्या महिन्यात टाइप केलेले नंबर सुचवतो, बोट चुकून खालच्या बाणावर पडतं, एंटर दाबला जातो आणि जुनी बॅच नव्या मालावर चढते. औषधांत ही चूक एक्स्पायरीचा परतावा करताना सहा महिन्यांनी उघडी पडते.

मग सॉफ्टवेअरचं पान ब्राउझरच्या मेनूतून ॲप म्हणून इन्स्टॉल करा. टॅब आणि पत्त्याची पट्टी नसलेली स्वतंत्र खिडकी मिळते, आणि फायदा केवळ दिसण्याचा नाही. साध्या टॅबमध्ये कंट्रोल-एन, कंट्रोल-टी आणि कंट्रोल-डब्ल्यू या कळा क्रोम स्वतःकडे राखून ठेवतो; वेबसाइटने कितीही म्हटलं तरी कंट्रोल-एन ने 'नवीन बिल' उघडत नाही, नवी खिडकीच उघडते. ॲपच्या खिडकीत हे राखीव कुरण नसतं, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये सोय केलेली असेल तर त्या कळा वापरता येतात.

राहिली एफ५. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्यांची तर फारच पंचाईत होते, कारण तिथे एफ५ म्हणजे पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. ब्राउझरमध्ये एफ५ पान ताजं करतो, एफ६ पत्त्याच्या पट्टीकडे उडी मारतो, एफ७ भलताच प्रश्न विचारतो. यावर 'लक्ष ठेवा' हा उपाय नाही. बोटं लक्ष देत नसतात. विंडोजवर कळांचं काम बदलून देणारं ऑटोहॉटकी नावाचं मोफत साधन मिळतं. त्यात लहानशी स्क्रिप्ट (सूचनांची फाइल) लिहून ठेवा: फक्त आपल्या सॉफ्टवेअरची खिडकी पुढे असताना एफ५ दाबलं तर काहीच होऊ नये. ताईंकडे आम्ही एक पाऊल पुढे गेलो आणि एफ५ दाबल्यावर कंट्रोल-एस जाईल असं केलं. चौदा वर्षांची सवय मोडण्यापेक्षा एक ओळ लिहिणं स्वस्त पडलं. स्क्रिप्ट संगणक सुरू होताच आपोआप चालू होईल असं मात्र करून ठेवा, नाहीतर वीज गेल्याच्या दिवशी पुन्हा तेच रामायण.

कळा: थोड्याच, पण न बघता

पाच-सहा कळांवर रोजचं बहुतेक काम निघतं:

- टॅबने पुढचं खानं, शिफ्ट-टॅबने मागचं. मागे जायची सवय नसल्यानेच निम्मे हात माउसकडे जातात, म्हणून पहिले दोन दिवस मुद्दाम शिफ्ट-टॅबच घोटून घ्या.
- यादीच्या खान्यात आल्यावर ती उघडायला आल्ट आणि खालचा बाण. पण बहुतेक वेळा उघडायची गरजच नसते, पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की नाव येतं.
- चौकोनात टिक करायला स्पेस, गोल पर्यायांत फिरायला बाण.
- क्लिपबोर्डवरच्या (म्हणजे आधी कॉपी केलेल्या) मागच्या गोष्टी काढायला विंडोज-व्ही. ही सोय सेटिंगमध्ये एकदा चालू करावी लागते.
- तुमच्या सॉफ्टवेअरची कळांची यादी. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती शिफ्ट आणि तिरक्या रेघेच्या कळीने उघडते, गूगल शीट्समध्ये कंट्रोल आणि तिरक्या रेघेने. छापा आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

आता एंटर. खरं घोडं इथेच पेंड खातं. आपल्याकडे हिशोबाच्या कामातल्या माणसाला एंटर म्हणजे 'पुढे' हे पाठ असतं. वेब फॉर्मचा उपजत स्वभाव वेगळा: मजकुराच्या खान्यात असताना एंटर दाबला की फॉर्म सबमिट होतो. म्हणून नव्या सॉफ्टवेअरवर पहिल्या दिवशी फक्त पार्टीचं नाव असलेली, एकही ओळ नसलेली दहा-बारा बिलं सेव्ह झालेली सापडतात. सॉफ्टवेअर बनवणारा हे बदलून देत असेल तर उत्तमच. नसेल तर ऑटोहॉटकीच पुन्हा उपयोगी पडते, कारण मुख्य एंटर आणि नंबर पॅडवरचा एंटर या तिच्या लेखी दोन वेगळ्या कळा आहेत. नंबर पॅडवरच्या एंटरला टॅब करून टाका आणि मोठा एंटर आहे तसा राहू द्या. नग, दर, स्कीमचे फुकट नग, एमआरपी या सगळ्यांत उजवा हात पॅडवरून हलत नाही. पॅडवरच्या ५ वरचा उंचवटा बोटाला लागला की बाकीच्या कळा आपोआप सापडतात.

लॅपटॉपवर नंबर पॅड नसेल तर यूएसबीवर चालणारा सुटा पॅड घ्या. या अख्ख्या लेखात पैसे खर्च करायला सांगतो आहे ती जागा ही आणि पुढे स्कॅनरची.

तारीख आणि आकड्यांचे सापळे

ब्राउझरचं तारखेचं खानं दिवस, महिना, वर्ष अशा तीन कप्प्यांचं असतं. दिवसाचे दोन आकडे टाकले की ते स्वतःच महिन्यावर सरकतं, महिन्याचे दोन टाकले की वर्षावर. मग ऑपरेटर बिलावर लिहिल्याप्रमाणे '२५' टाइप करतो आणि पुढे जातो. खान्यात वर्ष पडतं ००२५. सॉफ्टवेअरने ते अडवलं नाही तर तुमच्याकडे येशू ख्रिस्ताच्या काळातली खरेदी नोंदली जाते. शिवाय क्रोममध्ये वर्षाचा कप्पा सहा आकड्यांपर्यंत घेतो, म्हणून चार आकडे टाकले तरी तो पुढे सरकत नाही, तिथे टॅब द्यावाच लागतो. हे एकदा नीट सांगितलं की बोटं शिकतात; न सांगितलं तर रोज कॅलेंडरवर क्लिक होत राहतं.

ब्राउझरची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर महिना आधी आणि दिवस नंतर येतो. १३ तारखेपासून पुढची चूक लगेच कळते, कारण तेरावा महिना नसतो. १ ते १२ तारखांची चूक मात्र गुपचूप बसते. भाषा इंग्रजी (भारत) करा, ब्राउझर बंद करून उघडा आणि ५ तारखेचं एक बिल टाकून खात्री करा.

आकड्यांच्या खान्यातला सापळा त्याहून लबाड आहे. कर्सर त्या खान्यात असताना वर-खाली बाण दाबला तर आकडा एकाने बदलतो. पुष्कळ ठिकाणी माउसचं चाक फिरवलं तरी बदलतो. ऑपरेटर नग ४८ टाकतो, खालची बेरीज पाहायला चाक फिरवतो, ४८ चे ४६ होतात. कुणी चोर नाही, कुणी चुकलेलं नाही, तरी साठा दोनने कमी. स्टॉकमध्ये कारण न सापडणारा एक-दोन नगांचा फरक येत असेल तर आधी हे तपासा. पान वर-खाली करायला पेजअप, पेजडाउन, किंवा झूम कमी करून अख्खं बिल एका पडद्यात बसवा. कंट्रोल आणि वजाच्या कळीने ८० टक्क्यांवर आणलं की बहुधा बसतं.

मराठी कळफलक चालू राहिला असेल आणि वरच्या ओळीतून देवनागरी आकडे पडले तर बरीच खानी ते घेत नाहीत, नुसती रिकामी राहतात. नंबर पॅड मात्र इंग्रजी आकडेच देतो. त्याची शिफारस करायला हे आणखी एक कारण.

मास्टर: वेग इथे ठरतो

मास्टर म्हणजे पार्ट्यांची आणि मालाची एकदाच भरून ठेवायची मूळ यादी. कळा कितीही पाठ असल्या तरी पार्टीचं नाव शोधायला आठ अक्षरं लागत असतील तर काही खरं नाही. प्रत्येक पार्टीला आणि प्रत्येक चालू मालाला तीन-चार अक्षरांचा इंग्रजी छोटा कोड द्या. कोड ठरवायला एंट्री करणारी व्यक्तीच बसवा. मालकाला किंवा कन्सल्टंटला 'पद्धतशीर' कोड आवडतात, एसयूपी-०००४१७ असे. त्यांचा टायपिंगला काडीचा उपयोग नाही. ताईंनी स्वतःच्या डोक्यातली टोपणनावं दिली, काही त्या कंपनीच्या सेल्समनच्या गावावरून. त्यांना ती एकदाही विसरायला झाली नाहीत.

कोड इंग्रजीत का? एक तर सारखी भाषा बदलावी लागत नाही. दुसरं कारण मराठीच्या पोटातलं आहे. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक नुक्त्याच्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र वेगळे. एका कळफलकावरून टाकलेली पार्टी दुसऱ्या कळफलकावरून शोधली तर सापडत नाही, मग कुणीतरी नवी पार्टी तयार करतं आणि उधारी दोन खात्यांत विभागली जाते. त्यात 'कराड' लिहिणारे तिसरे. मराठी नाव छपाईसाठी ठेवा, शोध कोडवर. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधून नावं चिकटवत असाल तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर वेबवर निव्वळ चिन्हांचा चिवडा दिसेल.

जीएसटी क्रमांक हाताने फक्त एकदाच, मास्टरमध्ये टाका. पंधरा जागा: पहिल्या दोन राज्याच्या (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढच्या दहा पॅनच्या, मग एक नोंदणीचा क्रम, चौदावी सहसा झेड आणि पंधरावी पडताळणीची. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर असा क्रम ठरलेला असल्याने 'ओ' आहे की शून्य, हा वाद जागेवरूनच मिटतो. कराचा दर आणि मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोडही मालाच्या मास्टरमधूनच आले पाहिजेत. ऑपरेटर बिलागणिक दर टाइप करत असेल तर ती एंट्री नव्हे, जुगार आहे.

स्कॅनर आणि थोक भरणा

यूएसबी बारकोड स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने दुसरा कळफलकच असतो. तो आकडे 'टाइप' करतो आणि शेवटी बहुधा एंटर देतो. वर सांगितलेल्या कारणाने हाच एंटर अर्धवट बिल सेव्ह करून टाकतो. स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत शेवटी टॅब देण्यासाठीचा एक बारकोड छापलेला असतो. तो एकदा स्कॅन केला की झालं.

पुरवठादार बिलाची फाइल देत असेल तर हाताने चढवूच नका, इम्पोर्ट करा. फक्त मधे एक्सेल असेल तर सांभाळा. डबल-क्लिक करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) उघडली की बॅच नंबरच्या सुरुवातीची शून्यं जातात आणि ८९० ने सुरू होणारे तेरा आकडी बारकोड '८.९' वगैरे घातांकात दिसतात. तसंच सेव्ह केलं तर मूळ आकडे परत मिळत नाहीत. डेटा मेनूतून फाइल आणा आणि हे रकाने 'टेक्स्ट' ठेवा. मराठी नावं असतील तर सेव्ह करताना यूटीएफ-८ सीएसव्ही निवडा.

सॉफ्टवेअरवाल्याला काय सांगायचं

'स्लो आहे' असं सांगितलं की तो इंटरनेट तपासायला सांगतो. नेमकं सांगा. पान उघडताच कर्सर पहिल्या खान्यात हवा. एंटरने पुढे, शेवटच्या खान्यात एंटर दिला की नवी ओळ, सेव्ह फक्त कंट्रोल-एस वर. क्वचित लागणारी खानी (वाहन क्रमांक, शेरा) टॅबच्या वाटेतून बाहेर. बिल अर्धवट असताना पान बंद होत असेल तर इशारा, आणि मसुदा आपोआप जपून ठेवणं. आकड्यांच्या खान्यात चाक बंद.

एक चाचणी त्याच्यासमोर करून दाखवा. संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा, पार्टीचा कोड झटकन टाइप करा आणि लगेच टॅब द्या. दहा वेळा. नेट मंद असताना यादी येण्याआधीच टॅब गेला तर काही सॉफ्टवेअर खानं रिकामं ठेवतात, काही आधीच्या शोधातलं नाव उचलतात. दहात एकदा जरी चुकीची पार्टी आली तरी ते सॉफ्टवेअर जलद कामाच्या लायकीचं नाही, मग त्याचं रूपडं कितीही देखणं असो. याचा पक्का उपाय म्हणजे पार्टी आणि मालाची यादी सकाळी एकदाच ब्राउझरमध्ये उतरवून घेणं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे धावावं लागत नाही.

वेगानंतर ताळा

झपाटा आला की चुकाही झपाट्याने होतात. म्हणून जुन्या पेढ्यांची रीत परत आणा: पंचवीस-पंचवीस बिलांचे गठ्ठे करा. चढवण्यापूर्वी गठ्ठ्यातल्या एकूण रकमांची बेरीज कॅल्क्युलेटरवर करून वरच्या चिठ्ठीवर लिहा. चढवून झाल्यावर सॉफ्टवेअरमधली तेवढ्याच बिलांची बेरीज काढा आणि ताळा पाहा.

फरक आला तर लगेच पंचवीस बिलं उलटू नका. आधी फरकाएवढ्याच रकमेचं बिल आहे का बघा. असेल तर ते राहिलं किंवा दोनदा चढलं. मग फरकाला ९ ने भागून पाहा. नि:शेष भाग गेला तर बहुधा शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत. गेल्या महिन्यात ताईंच्या एका गठ्ठ्यात ६३ रुपये जास्त आले. ६३ भागिले ९, सात. म्हणजे उलटलेल्या दोन आकड्यांत सातचा फरक असणार: ७-०, ८-१ किंवा ९-२. ताईंनी गठ्ठा पंख्यासारखा उघडला, नुसत्या खालच्या रकमांवरून बोट फिरवत गेल्या आणि सतराव्या बिलावर थांबल्या. कागदावर १,२२९ होते, आत १,२९२. शिफ्ट-टॅब, शिफ्ट-टॅब, दुरुस्ती, कंट्रोल-एस. माउस केव्हापासून की-बोर्डच्या मागे वायर गुंडाळून पडला होता.